चौथा क्रमांक, तीन वेळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणी ना कोणी भगिनी इतिहासावर लिहिते. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी थोरली मुलगी कॉलेजच्या हॉकी संघात खेळते. तिच्यापायी गेली काही वर्षे या खेळाविषयी मिळेल ते वाचले, सामने पाहिले, आणि पूर्वी खेळलेल्या बायकांना विचारून घेतले. तेवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्या 1970 च्या सुमारास शाळेत आणि पुढे कॉलेजात हॉकी खेळल्या. त्या म्हणतात, "हल्लीच्या मुली नुसत्या धावतात. चेंडू स्टिकला चिकटवून खेळवणे त्यांना येते कुठे?" यावर माझी मुलगी म्हणते, "मावशी, तुमच्या वेळचा खेळ फार संथ होता." दोघींचे ऐकता ऐकता मला वाटू लागले, की दोघीही खरेच बोलतात. कसे ते सांगते.

इंग्लंडात स्त्रियांची हॉकी संघटना 1895 साली स्थापन झाली. आपल्याकडे हा खेळ मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळांतून रुजला. आरंभीच्या नामवंत खेळाडूंत अँग्लो-इंडियन मुली पुष्कळ होत्या. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला, आणि त्या पहिल्याच वर्षी अ‍ॅन लम्सडेन या हॉकीपटूस तो मिळाला. 1965 साली बंगळूरच्या एल्व्हेरा ब्रिटो यांना मिळाला.

तेव्हाचा खेळ गवताच्या मैदानावरचा. आपल्या अंगणात गोटी टाकून पाहा. कुठे खडा लागेल, कुठे वळेल, सांगता येत नाही. गवतावर चेंडूचे तसेच होई. म्हणून चेंडू स्टिकपासून लांब जाऊ न देणे, मनगट वळवून त्याला डावी-उजवीकडे झुलवणे, यालाच कसब म्हणत. स्टिक तुतीच्या लाकडाची असे, आणि तिची एकच बाजू सपाट. मावशींनी मला लाटण्यावर मनगटाची ती फिरकी करून दाखवली. साठी उलटली तरी हात विसरलेला नाही.

या कसबाच्या बळावर आपल्या मुली पुढे आल्या. स्त्रियांचा पहिला विश्वचषक 1974 साली फ्रान्समधील मांदलियू येथे झाला. दहा देश होते, आपला क्रमांक चौथा लागला. 1980 साली मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची हॉकी प्रथमच आली. तेथेही आपण चौथे. रूपा सैनी कर्णधार होत्या. पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन त्या संघात होत्या, रेखा मुंडफन होत्या. मात्र हे सांगितले पाहिजे, की अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अनेक देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता, आणि स्त्रियांच्या हॉकीत सहाच संघ उतरले होते.

दरम्यान पायाखालची जमीनच बदलली होती. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून पुरुषांची हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळवू लागले. पुढे सगळ्याच मोठ्या स्पर्धा टर्फवर आल्या. अंगणातली गोटी एकदम गुळगुळीत फरशीवर यावी, तसे झाले. चेंडू सरळ आणि वेगाने जातो, उसळत नाही. मग झुलवण्यापेक्षा लांबचा अचूक पास, पळता पळता चेंडू अडवणे, उलट्या स्टिकने फटका मारणे, या गोष्टींना मोल आले. धावणे वाढले, दम अधिक लागू लागला. ऑफसाइडचा नियम गेल्या शतकाच्या अखेरीस गेला आणि मैदान आणखी मोकळे झाले. लाकडी स्टिकच्या जागी कार्बन आणि काचतंतूंच्या स्टिक आल्या.

1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी दक्षिण कोरिया आपल्या मागे, दुसरा होता. चारच वर्षांनी सेऊलला कोरियाच्या मुलींनी सुवर्ण नेले, आणि 1988 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवले. सहा वर्षांत केवढी मजल! आपल्याकडे मात्र टर्फ मोजकीच. मुलगी गवतावर, मुरुमावर शिकणार, आणि मोठी झाल्यावर परक्या मैदानावर परीक्षा देणार. मधूनच यशही आले. 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवींच्या संघाने सुवर्ण जिंकले. पण मॉस्कोनंतर ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडण्यास 36 वर्षे लागली. 2016 साली रिओला गेलो, आणि बारा संघांत बारावे आलो.

तेथून पाचच वर्षांत टोकियो. पहिले तीन सामने हरल्यावर संघाने आयर्लंडला आणि दक्षिण आफ्रिकेला हरवले. वंदना कटारियाने आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. नंतर गुरजीत कौरच्या एका गोलावर ऑस्ट्रेलियासारख्या संघाला घरी पाठवले, आणि गोलरक्षक सविताने तो एक गोल सामना संपेपर्यंत राखला. 6 ऑगस्ट 2021 रोजी कांस्यपदकाचा सामना ब्रिटनशी 3-4 असा गेला. पुन्हा चौथा क्रमांक! पण मॉस्कोचा चौथा सहांतला होता, टोकियोचा बारांतला, आणि समोर जगातले उत्तम संघ होते. आकडा तोच, अर्थ निराळा. म्हणून नुसता क्रमांक पाहून कोण अधिक कसबी ते ठरवू नये. मावशींच्या पिढीने गवताला हवे ते कसब कमावले, आजच्या मुलींनी टर्फला हवे ते. उणेपणा असलाच, तर जमीन बदलली तरी मुलींना ती वेळेवर न देणाऱ्यांचा.

आता आपल्या घरचे. राणी रामपालचे वडील हरियाणात शाहाबादला गाडा ओढून संसार चालवीत. ती पंधराव्या वर्षी, 2010 साली, विश्वचषक खेळली आणि टोकियोला कर्णधार होती. सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली. अशा मुलींच्या हाती लहानपणीच स्टिक आली. माझ्या मुलीने मात्र कॉलेजात गेल्यावर ती प्रथम धरली. तिच्या संघातल्या बहुतेक जणींचे असेच. सराव मुरुमाच्या मैदानावर होतो आणि सामना टर्फवर लागतो. पहिल्या सामन्यात चेंडू त्यांच्या स्टिकखालून निघून जात होता. मुलगी रडत घरी आली, तेव्हा तिला हाच इतिहास सांगितला. कॉलेजच्या हॉकीचा दर्जा वाढावा असे म्हणताना आपण कॉलेजकडे पाहतो. पण हात वळण घेतो ते आठ-दहा वर्षांच्या वयात, आणि नेमके बाराव्या-तेराव्या वर्षी आपण मुलींना "आता पुरे" म्हणतो.

यश कायमचे नसते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी आपल्या मुली पात्र ठरल्या नाहीत. कसब हे लोणच्यासारखे एकदा घालून वर्षभर पुरत नाही; ते रोजच्या भाकरीसारखे रोज थापावे लागते.

पुण्यात बालेवाडीला आणि पिंपरीच्या नेहरूनगरला टर्फचे मैदान आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आठ-दहा वर्षांच्या मुली आहेत. पहाटे त्यांना नेण्या-आणण्यास कोणी नाही, ही खरी अडचण. आपण दहा-बारा जणींनी पाळी लावून घेतली, तर आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीच्या वाट्याला येईलच असेही नाही. मंडळाच्या पुढील सभेत मी हा विषय मांडणार आहे. मावशींनी पहिली पाळी स्वतःकडे घेतली आहे.