डॉक्टरांवरचा विश्वास मोजता येतो का?

रक्तदाब मोजायला यंत्र आहे, साखर मोजायला पट्टी आहे. पण तुमचा तुमच्या डॉक्टरांवर विश्वास किती, हे कशाने मोजणार? प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यावर गेली कित्येक दशके रीतसर संशोधन चालू आहे.

वैद्यकाच्या संदर्भात हा मुद्दा ठळकपणे मांडला तो कोणा डॉक्टरने नव्हे, तर केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने, १९६३ साली. भाजी आपण पारखून घेतो. उपचार तसे आधी पारखता येत नाहीत आणि आजाराची माहिती डॉक्टरांना रुग्णापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून हा व्यवहार बराचसा विश्वासावर चालतो, असे त्यांचे म्हणणे. (आपल्याकडे १९९५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्ण ग्राहक झाला, तरी पारखण्याची अडचण आहे तिथेच आहे.)

पुढे मानसशास्त्रज्ञ कामाला लागले. ज्युलियन रॉटर यांनी १९६७ मध्ये माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मोजणारी प्रश्नावली दिली. खास डॉक्टरांसाठीची, अकरा विधानांची प्रश्नावली अँडरसन आणि डेड्रिक यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाशी तुम्ही किती सहमत आहात ते सांगायचे आणि गुणांची बेरीज करायची. इतके साधे!

मात्र विश्वास गेला तर काय होते, हे कळायला इतिहासाकडेच वळावे लागले. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे गरमी हा रोग होता. 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच त्यांना सांगितले. पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाले, तेही त्यांना दिले नाही. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे पाहायचे होते! १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे बाहेर आले, तेव्हा कुठे तो अभ्यास थांबला.

आता पुढचा भाग नीट वाचा. मार्सेला अल्सान (या स्वतः डॉक्टर आणि अर्थतज्ज्ञही आहेत) आणि मेरियन वानामेकर यांनी २०१८ मध्ये जुनी आकडेवारी तपासली. बातमी फुटल्यावर वयस्क कृष्णवर्णीय पुरुषांचे डॉक्टरकडे जाणे कमी झाले होते आणि टस्कीगीच्या जवळपास राहणाऱ्यांत ते अधिक घटले होते. पंचेचाळिशीतल्या अशा पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान त्यामुळे दीड वर्षापर्यंत घटले असावे, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तरीही यांतले बहुतेक जण त्या अभ्यासात कधीच नव्हते, हे लक्षात घ्या. अल्सान यांना २०२१ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. एकेकाळी हा विषय 'मऊ' समजला जाई.

आणि दुसरी बाजू. २०१७ मध्ये ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. डॉक्टरांवर विश्वास असलेले रुग्ण अधिक समाधानी होते, आपली तब्येत बरी असल्याचे सांगत होते. परंतु तपासण्यांत मोजता येणाऱ्या निष्कर्षांशी विश्वासाचा संबंध दिसला नाही. तेव्हा तुमचा माझ्यावर कितीही विश्वास असला, तरी साखरेची गोळी वेळेवर घ्या आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या.