स्क्वाम तळ्यावरचे उन्हाळे

दर जानेवारीत स्क्वाम तळ्याच्या एका आडोशाच्या कोपऱ्यात करवतीने बर्फ कापतात. चौकोनी लाद्या काठावरच्या बर्फघरात एकावर एक रचायच्या, त्यांच्यावर लाकडाचा भुसा पसरायचा, आणि भर उन्हाळ्यात रॉकीवोल्ड-डीपहेवन कँपच्या कॉटेजमधलं दूधलोणी त्याच बर्फावर थंड ठेवायचं. हा कँप 1897 सालचा. विजेच्या फ्रीजच्या काळातही तिथे आलेली कुटुंबं बर्फाच्या पेटीलाच चिकटून आहेत, कारण त्यांच्या आजोबांनी याच पेटीतून दूध काढून प्यायलं होतं. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या या तळ्याचा इतिहास असा आहे: दरवर्षी तिथेच परत यायचं आणि काहीही हलवायचं नाही.

याच तळ्यावर 1980 च्या उन्हाळ्यात ‘ऑन गोल्डन पाँड’ या सिनेमाचं चित्रीकरण झालं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा निवृत्त प्राध्यापक नॉर्मन थेयर, त्याची बायको एथल, आणि वर्षानुवर्षं घरी न फिरकलेली त्यांची मुलगी चेल्सी यांची ही गोष्ट. ती सांगितली जाते बापलेकीच्या अबोल्याची गोष्ट म्हणून, आणि ते खरंच आहे. पण तो अबोला त्या काठावरच का शोभतो, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

1881 मध्ये डार्टमथ कॉलेजचा अर्नेस्ट बाल्च नावाचा तरुण काही मुलांना घेऊन तळ्यातल्या एका छोट्या बेटावर राहायला गेला. श्रीमंतांची मुलं उन्हाळाभर आईवडिलांबरोबर हॉटेलांत लोळतात, त्यांच्या हाताला कसलंच काम नसतं, हे त्याला खुपत होतं. बेटावर नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, होड्यांची देखभाल, सगळं मुलांनीच करायचं. अंगावर घेतलेल्या कामाचे पैसे मिळत आणि त्यांचा हिशेबही ठेवावा लागे. कँप शोकोरुआ असं नाव मिळालेला हा खटाटोप 1889 पर्यंतच टिकला, पण अमेरिकेतल्या समर कँपच्या परंपरेची सुरुवात बहुतेक इतिहासकार इथूनच धरतात. बेटावर मुलांचं उघड्यावरचं प्रार्थनास्थळ होतं. लोक आजही उन्हाळ्यातल्या रविवारी होड्या वल्हवत तिथे प्रार्थनेला जातात आणि त्या जागेला चर्च आयलंड म्हणतात.

बाल्चच्या बेटावर फक्त मुलगे होते. पोहणं, वल्हवणं, गळ टाकणं, पाण्याची भीती मोडणं, हे वडीलधाऱ्या पुरुषाने मुलग्याला द्यायचं धन, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. मुलींसाठी दार उघडायला वेळ लागला. लॉरा मॅटून या शिक्षिकेने न्यू हॅम्पशायरमध्येच 1902 साली मुलींचा केहोंका कँप सुरू केला. त्याआधी स्क्वामच्या काठावर डीपहेवन उभं करणारी अॅलिस मेबल बेकन हीसुद्धा शिक्षिकाच. ती जपानमध्ये शिकवून आली होती, आणि तिथल्या मुलीबायकांवर तिने पुस्तकही लिहिलं होतं.

आगगाडीने अॅशलंड स्टेशनपर्यंत यायचं आणि तिथून पुढे वाफेच्या बोटीने, अशी तळ्यावर पोचायची रीत होती. जॉन ग्रीनलीफ व्हिटियरसारखे कवी येऊन राहून गेले, बॉस्टनच्या सुखवस्तू लोकांनी काठावर लाकडी घरं बांधली. न्यू इंग्लंडमध्ये अशा उन्हाळी घरालाही ‘कँप’च म्हणतात. ही घरं विकण्यापेक्षा वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातात. जूनमध्ये घर उघडायचं, खुर्च्यासोफ्यांवरच्या चादरी काढायच्या, होडी पाण्यात सोडायची. सप्टेंबरमध्ये हेच सगळं उलट्या क्रमाने. सिनेमाची सुरुवात घर उघडण्याने होते आणि शेवट घर बंद करण्याने. ज्यांनी तसे उन्हाळे काढले, त्यांना त्या चादरी झटकण्यातच अर्धी गोष्ट कळते.

मूळ नाटक अर्नेस्ट थॉम्पसनचं. ते 1979 मध्ये ब्रॉडवेवर आलं, आणि लिहिलं तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. त्याचे लहानपणचे उन्हाळे शेजारच्या मेन राज्यातल्या तळ्यावर गेले होते, नाटकही तिथेच घडतं. इतक्या कोवळ्या वयात त्याने म्हातारपणाचं इतकं नेमकं चित्र काढलं हे थक्क करणारं आहे. रानस्ट्रॉबेरी आणायला गेलेला नॉर्मन आयुष्यभराच्या ओळखीच्या वाटेवर भांबावतो आणि रिकाम्या डब्यासह घाबरून घरी परततो. स्वतःचं घर दिसेपर्यंत तो कोणत्या भीतीत होता, हे तो फक्त बायकोला सांगतो.

चेल्सी बापाला नावाने, ‘नॉर्मन’ म्हणून हाक मारते. आई मात्र तिच्यासाठी ‘मॉमी’ आहे. ती होणारा नवरा आणि त्याचा तेरा वर्षांचा मुलगा बिली यांना घेऊन येते, आणि महिनाभरासाठी मुलाला म्हाताऱ्यांकडे ठेवून युरोपला जाते. नॉर्मन त्या परक्या पोराला मासे धरायला शिकवतो, होडीचं सुकाणू त्याच्या हाती देतो, वॉल्टर नाव ठेवलेल्या एका चतुर ट्राउटमागे दोघं दिवस-दिवस फिरतात. परत आलेल्या चेल्सीला दिसतं की आपल्याला कधीच न मिळालेला बाप या पोराला चार आठवड्यांत मिळाला. बाल्चच्या बेटावरची जुनी वाटणीच थेयरांच्या घरात पुन्हा मांडली गेली होती: पाण्याचं धन मुलग्याला, आणि लेक काठावर उभी.

या नाटकाचे हक्क अभिनेत्री जेन फोंडाने मिळवले ते वडिलांसाठी: सिनेमात नॉर्मन ते झाले, चेल्सी ती स्वतः. अभिनेते हेन्री फोंडा तेव्हा पंच्याहत्तरीला पोचले होते आणि हृदयविकाराने थकले होते. दोघांमधलं अंतर जुनं होतं. 1950 मध्ये जेनच्या आईने आत्महत्या केली तेव्हा जेन बारा वर्षांची होती. आई हृदयविकाराने गेली असं तिला सांगितलं गेलं, खरं काय ते तिला पुढे एका मासिकातून कळलं. त्या रात्री हेन्री ब्रॉडवेवर ‘मिस्टर रॉबर्ट्स’चा प्रयोग करायला उभे राहिले. पुढे व्हिएतनाम युद्धाला विरोध करत जेन 1972 मध्ये शत्रुपक्षाच्या राजधानीत, हनोईला गेली, अर्ध्या देशाने तिला शिव्या घातल्या. आणि हेन्री दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेले. ज्या आयपीसी कंपनीने हा सिनेमा काढला, तिच्या नावातली अक्षरं जेनच्या युद्धविरोधी मोहिमेतून, इंडोचायना पीस कॅम्पेनमधून आली होती. मुलीला बापापासून तोडणाऱ्या वर्षांचीच खूण त्या नावात होती, आणि त्याच नावाखाली ती त्याच्याकडे परत आली.

एथलची भूमिका कॅथरिन हेपबर्नची. इतकी वर्षं एकाच धंद्यात काढूनही ती आणि हेन्री कधी भेटले नव्हते. पहिल्या दिवशी तिने आपल्या दिवंगत जोडीदाराची, अभिनेता स्पेन्सर ट्रेसीची एक जुनी टोपी हेन्रींच्या हातात ठेवली, आणि सिनेमात ती त्यांनी घातली. चेल्सी लहानपणी जी उलटी उडी मारू शकली नव्हती, ती मारायला हेपबर्नने जेनला भाग पाडलं. बदली कलाकार उभा करता आला असता. जेनने आठवडेच्या आठवडे सराव केला आणि उडी स्वतः मारली.

समेटाच्या प्रसंगात चेल्सी बापाला सांगते की मला तुमच्याशी मैत्री हवी आहे. तालमीत जे कधीच केलं नव्हतं ते जेनने चित्रीकरणाच्या वेळी केलं: तिने हेन्रींच्या दंडावर हात ठेवला. हेन्रींना अनपेक्षित काही आवडत नसे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी चेहरा वळवला. ही आठवण जेनने पुढे अनेकदा सांगितली आहे. पडद्यावर तो क्षण काही सेकंदांचा आहे. नॉर्मनने मान वळवली की हेन्रींनी, हे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतो.

डिसेंबर 1981 मध्ये सिनेमा आला. दहा ऑस्कर नामांकनं, तीन पुरस्कार: हेन्री, हेपबर्न आणि पटकथेसाठी थॉम्पसन. स्पर्धेतलं हेन्रींचं अभिनयासाठीचं हे पहिलंच ऑस्कर होतं, तेही शहात्तराव्या वर्षी. 29 मार्च 1982 च्या रात्री ते आजारपणामुळे घरीच होते. त्यांच्या वतीने ऑस्कर जेनने स्वीकारलं आणि घरी नेऊन त्यांना दिलं. 12 ऑगस्टला ते गेले.

तळ्यावर सिनेमाच्या खुणा राहिल्या. चित्रीकरणासाठी भाड्याने घेतलेल्या घरावर कंपनीने आख्खा दुसरा मजला चढवला होता. करारानुसार तो काढून घर पूर्ववत करायचं होतं, पण मालकाला ते रूप इतकं आवडलं की त्याने मजला ठेवून घेतला. तळ्याकाठच्या होल्डरनेस गावात त्या ट्राउटच्या नावाचं वॉल्टर्स बेसिन हे रेस्टॉरंट आहे.

आणि लून पक्षी. काळ्या डोक्याचे, लाल डोळ्यांचे, रात्री लांबवर घुमणाऱ्या आवाजाचे हे पाणपक्षी सिनेमाभर साथ करतात. शेवटी दोनच लून निरोप घ्यायला येतात. त्यांचं पिल्लू मोठं होऊन दूर गेलं, असं नॉर्मन म्हणतो. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांच्या रक्षणासाठी 1975 पासून एक समिती काम करते. तरीही 2004 ते 2005 या एका वर्षात स्क्वामवरच्या लूनच्या 16 जोड्यांपैकी सात नाहीशा झाल्या. पुढे पिल्लू न निघालेल्या अंड्यांमध्ये जुन्या विषारी रसायनांचे अंश सापडले. गळाला लावलेली शिशाची वजनं गिळूनही हे पक्षी मरतात. नॉर्मन आणि बिलीच्या पिढ्यांनी पाण्यात सोडलेलं ते शिसं तळाशी अजून आहे.

दर जुलैत एका शनिवारी सकाळी आठ ते नऊ राज्यभर लोक होड्या काढून लून मोजतात, मोठे वेगळे आणि पिल्लं वेगळी. शरद ऋतूत मात्र सिनेमाच्या उलट घडतं. आधी आईबाप उडून समुद्रावर जातात. पिल्लू तळ्यावर एकटं राहतं, आणि पाणी गोठायच्या आत त्याला स्वतःच उडायला शिकावं लागतं. एकदा समुद्रावर गेलं की ते दोन-तीन वर्षं तिकडेच असतं. त्यानंतर ते तळ्यांकडे फिरतं, आणि बहुतेकदा जन्मलं त्याच भागात परत येतं.