मालक कोणता? कचेरीतील फोनचा छोटा इतिहास

मराठीत वस्तू ज्याची असते तोही 'मालक' आणि पगार जो देतो तोही 'मालक'. कामाच्या फोनच्या बाबतीत हे दोन मालक दीर्घकाळ एकच होते. ते वेगळे झाले तेव्हा काय घडले, हा आजच्या थ्रेडचा विषय. इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे, पण त्यातील खटले वाचण्याजोगे आहेत.

ऑक्टोबर २००१. कॅलिफोर्नियातील ऑन्टारियो या शहराच्या पोलीस खात्याने २० पेजर घेतले आणि 'स्वाट' पथकातील अधिकाऱ्यांना दिले. (खाते सरकारी होते हे खरे, परंतु या खटल्याचा अभ्यास पुढे खासगी कंपन्यांच्या वकिलांनीही केला.) प्रत्येक पेजरला दरमहा अक्षरांची मर्यादा होती; ती ओलांडली की सेवा देणारी कंपनी जादा आकार लावी.

संगणक आणि ई-मेलवर शहराची नजर राहील, असा लेखी नियम होता. पेजरही त्यातच धरले जातील, असे बैठकीत सांगण्यात आले होते. मात्र बिलांचा हिशेब पाहणाऱ्या लेफ्टनंटने तोंडी निराळीच सवलत दिली: जादा आकार ज्याने त्याने भरावा, मग संदेश तपासले जाणार नाहीत. सार्जंट जेफ क्वॉन यांनी अनेकदा मर्यादा ओलांडली आणि पैसे भरले.

पुढे लेफ्टनंटच या वसुलीला कंटाळला. मर्यादा मुळातच अपुरी आहे की काय, हे पाहण्यासाठी पोलीस प्रमुखांनी ऑगस्ट आणि सप्टेंबर २००२ चे संदेश सेवा कंपनीकडून मागवले. ऑगस्टमध्ये क्वॉन यांच्या पेजरवर कामाच्या वेळेतील ४५६ संदेश सापडले; त्यांतील कामाचे फार तर ५७. काही अश्लीलही होते. चौकशीत नियमभंगाचा ठपका आला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

२००८ मध्ये अपील न्यायालयाने क्वॉन यांच्या बाजूने कौल दिला. १७ जून २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरवला: तपासणीचा हेतू कामाशी निगडित होता, व्याप्तीही मर्यादित होती, म्हणून ती वाजवी. गंमत अशी की, अशा संदेशांत खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते का, हा मूळ प्रश्न न्यायमूर्ती केनेडी यांनी मोकळाच सोडला. तंत्रज्ञानाचे समाजातील स्थान स्पष्ट होण्याआधी व्यापक सिद्धांत मांडणे धोक्याचे, अशी त्यांची भूमिका. संयम म्हणून ती समजते. तथापि पुढील वर्षांत या संयमाची किंमत नोकरदारांनी मोजली, असे माझे मत आहे.

क्वॉन यांचा पेजर निदान खात्याचा होता. ब्लॅकबेरीही (तोही ऑन्टारियोचाच, पण कॅनडातील त्या नावाच्या प्रांताचा!) बहुधा कंपनीच विकत घेऊन देई. आपल्या सर्व्हरवरून ती पासवर्ड सक्तीचा करी, कॅमेरा बंद ठेवी, आणि फोन हरवल्यास त्यावरील सारे काही दुरून पुसून टाकी. वस्तू तिचीच, तेव्हा हरकत कोण घेणार?

२००७ मध्ये आयफोन आला आणि लोक स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन कामाला वापरू लागले. येथे दोन मालक वेगळे झाले. सत्ता मात्र पूर्वीच्याच मालकाकडे राहिली. २००८ पासून कचेरीचे ई-मेल जोडलेला आयफोन कंपनीला दुरून पुसता येऊ लागला. क्वॉन निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी, २१ जून २०१० रोजी, ॲपलने आयओएस ४ आणली. तिच्यात कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या फोनवर दुरून नियम बसवण्याची व्यवस्था अधिकृतपणे आली.

याचा अर्थ काय, ते टेक्सासमधील घरबांधणी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला २०१३ मध्ये कळले. त्याने राजीनाम्याची सूचना दिली. कंपनीने तत्काळ कामावरून काढले आणि काही दिवसांत त्याचा स्वतःचा आयफोन दुरून पुसला. कचेरीच्या ई-मेलबरोबर त्याची वैयक्तिक छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती आणि संपर्कही गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने केंद्रीय कायद्यांखालील त्याचे दावे फेटाळले. हरवलेली छायाचित्रे ही त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारी 'हानी' नव्हती. माझ्या वाचनातील हा सर्वांत अस्वस्थ करणारा निकाल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने श्वान्स होम सर्व्हिस या घरपोच खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात वेगळी वाट धरली. कामासाठी स्वतःचा फोन वापरावाच लागत असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा कंपनीने द्यावा. प्लॅन अमर्याद असल्याने जादा खर्च झाला नाही, ही सबब चालणार नाही. म्हणजे बिलाची भरपाई मिळू शकली, छायाचित्रांची नाही.

२०१५ मध्ये गुगलने अँड्रॉइडवर कामासाठी निराळा कप्पा आणला. कामाच्या ॲपवर लहानशी ब्रीफकेस दिसते ती याचीच खूण. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनी पुसू शकते तो तेवढाच कप्पा. पण जुन्या पद्धतीने कचेरीचे ई-मेल जोडताना परवानग्यांची एक यादी समोर येई. फोनवरील सर्व माहिती पूर्वसूचनेशिवाय पुसण्याचा अधिकार त्या यादीत लिहिलेला असे आणि तळाशी संमतीचे बटण असे.