दौलताबादचा बंदिवान आणि त्याचा इमानी सरदार

ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत लढाईची कथा कशास, असें कोणी विचारील. परंतु वेरूळचीं लेणीं पाहून घाट चढून गेल्यावर दीड कोसावर खुलताबाद लागतें. तेथें दोन कबरी आहेत. एक औरंगजेब बादशहाची, दुसरी गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशहा याची. कैद करणारा आणि कैदी एकाच गांवच्या मातींत निजले आहेत. ह्या दोघांमध्यें एक तिसरा पुरुष उभा आहे. त्याची हकीकत आम्ही वाचकांस सादर करितों.

अब्दुल रझाक लारी हा अबुल हसनचा सरदार. इ. स. १६८७ मध्यें औरंगजेबानें गोवळकोंड्यास सुमारें आठ महिने वेढा दिला. तोफांनीं काम होईना, तेव्हां त्यानें द्रव्याचा मार्ग धरिला. लारीसहि मनसबीचें फर्मान आलें. तें त्यानें बुरुजावर सर्वांदेखत फाडून टाकिलें. दुसरा एक सरदार मात्र फितूर झाला व दरवाजा उघडला. लारी बिनखोगीर घोड्यावर, दहा-बारा सोबत्यांनिशीं, शत्रूच्या लोंढ्यांत शिरला. इतिहासकार खाफीखान त्याच्या अंगावर सत्तर जखमा सांगतो. मरणोन्मुख स्थितींत तो मोगलांच्या हातीं सांपडला.

अशा कैद्याचें काय करावें? बादशहानें दोन शस्त्रवैद्य धाडिले, एक युरोपीय व एक हिंदु, आणि रोजचें वर्तमान कळविण्याची आज्ञा केली. कांहीं दिवसांनीं रोगी बोलूं लागला. चाकरी देऊं केली असतां त्यानें कळविलें कीं, ज्याचा देह अबुल हसनच्या अन्नावर पोसला, त्याच्यानें दुसऱ्याची सेवा होणार नाहीं. पुढें दबाव वाढल्यावर त्यानें बादशाही मनसब पत्करिली, हें लपविण्याचें कारण नाहीं. सत्तर जखमांनंतर वांकलेल्या मनुष्यास आम्ही बेइमान म्हणणार नाहीं.

त्याच्या धन्याची गति निराळी झाली. त्यास दौलताबादेस नेऊन चिनी महालांत ठेविलें. नेमणूक मिळे, परंतु दार उघडलें नाहीं. सुमारें बारा वर्षांनीं त्या कैदेंतच त्याचा अंत झाला.

बंदिवानांचा समाचार घेणें हें आपल्या धर्मांत दयेचें कृत्य गणिलें आहे. औरंगजेबानें शत्रूच्या जखमा बांधिल्या, हें खरेंच थोर. परंतु जो चाकरीस उपयोगी, त्याच्याच जखमा बांधिल्या गेल्या. जो निरुपयोगी, तो भिंतीआड राहिला. उपयोग पाहून केलेली दया अर्धीच होय. दौलताबादेस जाल, तेव्हां चिनी महालापाशीं क्षणभर थांबून हा विचार करावा, इतकीच आमची विनंति.