तेजोमेघांचे छायाचित्रण आणि भाज्याचे आकाश

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून द्रुतगती मार्ग ओलांडला आणि दक्षिणेकडे चालू लागले, की अर्ध्या तासात भाजे गाव येते. गावाच्या माथ्यावर विसापूर, त्याला लागून लोहगड आणि विसापूरच्या कुशीत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील बौद्ध लेणी. सूर्यास्ताला लेण्यांचे फाटक बंद होते, किल्ल्यावर गेलेली मंडळी स्थानकाची वाट धरतात. हौशी आकाश-छायाचित्रकाचा दिवस मात्र तेव्हा सुरू होतो. गावातल्या एखाद्या घरमालकाची परवानगी घेऊन, दिव्यांपासून दूर असलेल्या खळ्यात किंवा गच्चीवर तिपाई उभी राहते. पहिले लक्ष्य बहुधा ठरलेलेच असते, ते म्हणजे मृगातील तेजोमेघ.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधील पोकळीत पसरलेले वायूचे व धुळीचे अवाढव्य ढग. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे सर्वांच्या ओळखीचे असतात. त्यांच्या दक्षिणेला अंधूक ठिपक्यांची एक आखूड ओळ दिसते. त्यातील मधला धूसर ठिपका हा सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला, नवे तारे जन्माला घालणारा ढग आहे. आकाशातील त्याचा विस्तार एक अंशाहून अधिक, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर ते त्यात झाकले जातील एवढा. मोठ्या दुर्बिणीतूनही डोळ्याला तो करडा किंवा फिकट हिरवा दिसतो, कारण मंद प्रकाशात डोळ्याची रंग ओळखण्याची शक्ती मावळते. कॅमेऱ्याला ही मर्यादा नाही. तो मिनिटामागून मिनिटे प्रकाश साठवतो आणि लाल, जांभळा, निळसर असा जो रंग डोळ्याला कधी दिसलाच नाही तो पडद्यावर आणतो. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळून याच तेजोमेघाचे छायाचित्र काचेच्या प्लेटवर घेतले. तेजोमेघाचे ते जगातील पहिले छायाचित्र. त्यासाठी ५१ मिनिटे प्लेट उघडी ठेवावी लागली होती. त्या प्लेटवर जे उतरू शकले नाही, ते आज मुठीएवढ्या भिंगाची दुर्बीण एका संध्याकाळी टिपते.

माउंट आधी, दुर्बीण नंतर

नवा हौशी दुकानात जातो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो तो दुर्बीण किती मोठी, हा. तेजोमेघांच्या छायाचित्रणात हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातील तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ७२ मिलिमीटर व्यासाचे भिंग, सुमारे ४३० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा, ही आजच्या नवशिक्याची अगदी रास्त जुळणी. तिच्यात एका पिक्सेलला १.८ विकला येतात. म्हणजे दुर्बीण स्थिर असेल तर एकाच सेकंदात तारा आठ पिक्सेल ओलांडून जातो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. एक मिनिटाचे छायाचित्र हवे असेल, तर पृथ्वीच्या गतीला तंतोतंत उलटी गती देणारा माउंट हवा.

म्हणून अंदाजपत्रकातील निम्म्याहून अधिक रक्कम माउंटवर जाणे हे उधळपट्टीचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे. जुन्या पद्धतीच्या माउंटला प्रतिवजने लागत. लोकलने येणाऱ्या माणसाची पाठ त्यातच मोडे. अलीकडच्या हार्मोनिक गिअरच्या माउंटांचे वजन पाच किलोच्या आसपास असते आणि हलक्या दुर्बिणीला प्रतिवजनाची गरजही पडत नाही. मात्र त्यांच्या गतीत लहानसहान चढउतार असतात. ते सुधारण्यासाठी दुसरी छोटी दुर्बीण व छोटा कॅमेरा जोडून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवावी लागते.

आखूड नाभीय अंतराचा आणखी एक फायदा असा, की वरील जुळणीत मध्यम आकाराच्या सेन्सरवर सुमारे तीन अंश लांब व दोन अंश रुंद आकाश मावते. मृगातील तेजोमेघ त्यात ऐसपैस बसतो. दोन हजार मिलिमीटरची भारदस्त दुर्बीण आणली, तर तोच तेजोमेघ चौकटीबाहेर सांडतो. ग्रह पाहण्यासाठी घेतलेली दुर्बीण तेजोमेघांना जुंपणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा येथेच सुरू होते.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. भाज्याचा अक्षांश पावणेएकोणीस अंशांच्या आसपास, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच उंच दिसतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर साधारण दोन मुठी. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नसून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे, हेही हिशेबात धरावे लागते. भाज्यातील गंमत अशी, की येथे उत्तर दिशा दरीकडे मोकळी आहे, पण त्याच दिशेला रेल्वे आणि द्रुतगती मार्ग यांचे दिवे आहेत. दक्षिणेला उजेड कमी, पण तेथे विसापूर आणि लोहगड उभे. त्यामुळे दक्षिण आकाशातील सर्वांत भव्य असा नौका तारकासमूहातील तेजोमेघ, जो या अक्षांशावरून जेमतेम साडेअकरा अंश वर येतो, तो गावातून डोंगराआडच राहतो. मृगाचे तसे नाही. तो दक्षिणेस ६६ अंशांपर्यंत चढतो. डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेबाराच्या सुमारास आणि जानेवारीच्या अखेरीस साडेनऊलाच तो माथ्याजवळ असतो. पूर्वेला पिंपरी-चिंचवड व पुण्याचा उजेड असल्याने मृग उगवताच घाई करण्यात अर्थ नाही. तो निम्मे आकाश चढून आल्यावर घेतलेला एक तास आधीच्या दोन तासांना भारी पडतो.

धनु राशीतील तेजोमेघांबाबत मावळावर निसर्गाने अन्यायच केला आहे. ते मध्यरात्री माथ्यावर येतात जूनच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा लोणावळ्याचा पाऊस कोणाचेच ऐकत नाही. एप्रिलमध्ये पहाटे आणि मे महिन्यात उत्तररात्री जागणाऱ्यांनाच ते मिळतात.

पुण्यात पाहिलेली रेघ

साधा डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याला आणखी एक अडचण येते. तेजोमेघातील हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर लांबीच्या गडद लाल प्रकाशात उजळतो आणि माणसांच्या चेहऱ्यांचा रंग नैसर्गिक यावा म्हणून कॅमेऱ्यात बसवलेली गाळणी नेमका तोच प्रकाश बराचसा अडवते. ती गाळणी काढून घेणे किंवा खगोलीय छायाचित्रणाचा खास कॅमेरा घेणे, हे दोन मार्ग. पण शहराजवळ राहणाऱ्यांचे खरे तारण झाले ते दुहेरी पट्ट्याच्या फिल्टरमुळे. हा फिल्टर हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०० नॅनोमीटरजवळचा निळसर हिरवा असे दोन अरुंद पट्टे आत सोडतो व बाकीचा उजेड परतवतो.

यातील हिरव्या रेघेचा पुण्याशी जुना संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तेजोमेघांच्या वर्णपटात दिसणारी ही ठळक हिरवी रेघ कशाची, यावर तेव्हा इंग्लंडमध्ये वाद जुंपला होता. नॉर्मन लॉकयर यांच्या मते तो मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश होता. नायगमवाला यांनी १८९०च्या सुमारास पुण्यातून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यांना ती रेघ नेहमी काटेकोर, धारदार आढळली. पट्ट्याच्या अवशेषासारखी विरत गेलेली नव्हे. लॉकयर यांचे मत मागे पडले, पण रेघेचा धनी सापडेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. शेवटी १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेघ आहे. पृथ्वीवरील हवेत अणूंची टक्कर इतकी सतत होते, की असा प्रकाश बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. तेजोमेघाच्या कमालीच्या विरळ वायूत ती मिळते. पुण्यातील वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाइकनालला गेली. पुणे शहरात हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, आणि मोठी संशोधन दुर्बीण जिल्ह्यात पुन्हा यायला २००६ उजाडावे लागले. त्या वर्षी आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नर भागातील गिरवली येथे सुरू झाली.

फिल्टरचे चालत नाही तेथे

फिल्टर मिळाला म्हणून काळोखाची गरज संपली, हा समज मात्र खोटा आहे. स्वतःच्या ठरावीक रेघांत उजळणाऱ्या तेजोमेघांनाच तो उपयोगी. कृत्तिकांभोवतीची निळी धूसरता ही ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारी धूळ आहे. तिच्या प्रकाशात सर्वच रंग असतात, म्हणून फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर तिलाही गाळून टाकतो. देवयानीतील दीर्घिकेचेही तेच. अशा लक्ष्यांना काळे आकाश हाच एक फिल्टर. हिशेब कठोर आहे. आकाशाची पार्श्वभूमी एका प्रतीने उजळली, म्हणजे अडीचपट प्रकाशमान झाली, तर तेवढ्याच दर्जाच्या चित्राला सुमारे अडीचपट वेळ द्यावा लागतो. भाज्यात दोन तासांत मिळणारे कृत्तिकांचे चित्र अशा उजळ आकाशाखाली पाच तास मागते.

आणि भाज्याचे आकाशही उजळत चालले आहे. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश मोजक्या रेघांत असे, तो गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश वर्णपटभर पसरतो. रस्त्यांवरचे दिवे एलईडीचे करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. विजेची बचत झाली हे खरेच, पण झाकण नसलेला दिवा ती बचत आकाशाकडे उधळतो. लोणावळ्याकडील हॉटेले, बंगल्यांची आवारे आणि लोहगडापलीकडे पवना धरणाकाठी वाढलेल्या तंबूंच्या वस्त्या यांचे झोत रात्रभर जळतात. भाज्याच्या एका विहारात चार घोड्यांच्या रथातून जाणाऱ्या एका देवतेचे शिल्प आहे. पारंपरिक ओळखीप्रमाणे तो सूर्य, आणि रथाखाली चिरडला जाणारा राक्षस म्हणजे अंधार. शिल्पकाराच्या काळी अंधार मुबलक होता, एवढेच त्यावर म्हणता येईल. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे दिव्यांची तोंडे खाली वळवण्यापासून काम झाले. मावळातील ग्रामपंचायतींना आणि बंगलेवाल्यांना तेवढे करायला कोणत्याही मान्यतेची वाट पाहावी लागत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम एकदा बसला की रात्र शांतपणे सरते. एक-एक मिनिटाची शंभर-सव्वाशे छायाचित्रे घ्यायची व संगणकावर ती एकावर एक रचायची. ‘डीपस्कायस्टॅकर’ किंवा ‘सिरिल’ या विनामूल्य प्रणाली हे काम चोख करतात. वेळ चौपट केला तर चित्रातील खरखर निम्मी होते, म्हणून एका रात्रीत समाधान मानणारे थोडेच. मृगाच्या गाभ्यातील चार तेजस्वी तारे मोठ्या उघडकाळात पांढऱ्या डागात बुडतात. त्यांच्यासाठी पाच-दहा सेकंदांची वेगळी छायाचित्रे घेऊन मागाहून मिसळावी लागतात. २०२३ नंतर आलेल्या, मोबाइलवर चालणाऱ्या ५० मिलिमीटरच्या ‘स्मार्ट’ दुर्बिणी हे सारे आपोआप करतात. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही, पण चूक कोठे झाली हे त्या शिकवत नाहीत.

थंडीत इंद्रायणीच्या खोऱ्यात मध्यरात्रीनंतर दंव पडते. भिंगाला गुंडाळायची तापपट्टी विसरली तर दोनच्या पुढची सारी चित्रे धुरकट येतात आणि ते कळते घरी गेल्यावर. पहाटे आकाश फटफटले, की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे स्वच्छ कापड ताणून वीस-पंचवीस छायाचित्रे घ्यायची. भिंगावरची धूळ आणि कडांचा काळोख पुढे त्यांच्याच आधारे चित्रातून वजा होतो. तोवर कॅमेरा दुर्बिणीवरून काढायचा नाही, फिरवायचाही नाही. मग सामान आवरून मळवलीची वाट धरायला हरकत नसते.