गेज, फिनिअस

गेज, फिनिअस : (१८२३–२१ मे १८६०). मेंदूच्या गंभीर दुखापतीनंतर स्वभाव पालटल्याची नोंद झालेला वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. जन्म अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात. व्यवसायाने रेल्वेच्या बांधकामावरील सुरुंग टोळीचा मुकादम. त्याच्या आयुष्याचा पूर्वार्ध जेवढा सांगितला जातो तेवढा उत्तरार्ध सांगितला जात नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरच्यांना मात्र उपयोगी पडतो तो हा उत्तरार्धच.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. खडकात भोक पाडून त्यात दारू आणि वात घालायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीने ठासायचे, अशी रीत होती. वाळू पडण्याआधीच पहार आत गेली, खडकावर घासून ठिणगी उडाली आणि दारूचा भडका झाला. ही पहार गेजने ओळखीच्या लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती : लांबी ३ फूट ७ इंच, जाडी सव्वा इंच, वजन सुमारे ६ किलो, एक टोक निमुळते. ती डाव्या गालातून वर शिरली, डाव्या डोळ्यामागून मेंदूचा पुढचा भाग चिरत टाळूतून बाहेर पडली आणि सुमारे ८० फुटांवर जाऊन पडली.

गेज काही मिनिटांत बोलू लागला. बैलगाडीत ताठ बसून तो पाऊण मैलावरच्या मुक्कामी आला आणि आलेल्या डॉक्टरांना काय झाले ते त्यानेच सांगितले. संध्याकाळी डॉ. जॉन मार्टिन हार्लो यांनी उपचार हाती घेतले. जंतूंमुळे होणारा संसर्ग, प्रतिजैविके, क्ष-किरण यांतले काहीच तेव्हा ठाऊक नव्हते. जखमेत पू झाला, गेज गुंगीत गेला, सोबतच्यांनी शवपेटीसुद्धा तयार ठेवली. हार्लो यांनी गळू फोडून पू काढला आणि रुग्ण वाचला. नोव्हेंबरअखेर तो घरी परतला. डाव्या डोळ्याची दृष्टी तेवढी गेली.

शरीर सावरत असताना दुसरे काही बिघडल्याची चिन्हे हार्लो यांना दिसत होती. गेजला पैशांचा अंदाज राहिला नव्हता. नदीच्या जुन्या पात्रातून वेचलेले चार गोटे तो हजार डॉलरलाही द्यायला तयार नव्हता. पुढे १८६८ मध्ये हार्लो यांनी सविस्तर लिहिले. अपघातापूर्वीचा गेज तल्लख, व्यवहारचतुर, हाती घेतलेले तडीस नेणारा. मालकांचा सर्वांत भरवशाचा मुकादम. नंतरचा गेज लहरी, शिवराळ, कोणाची भीडभाड न ठेवणारा. मनाविरुद्ध सल्ला मिळाला की तो बिथरे. दहा बेत आखी आणि आखले की सोडून देई. त्याला ओळखणाऱ्यांचे म्हणणे पडले की हा पूर्वीचा गेज उरलेला नाही. ठेकेदारांनी त्याला जुनी जागा परत दिली नाही.

असे बदल आजही रोज घडतात. रस्ते अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरी ते सर्वांना ओळखू येतील. कपाळामागचा मेंदूचा भाग इच्छेला आवर घालतो, पुढचा विचार करतो आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज घेतो. तो दुखावला की स्मरणशक्ती आणि बोलणे शाबूत राहूनही वागणे बिघडू शकते. कोणी क्षुल्लक कारणाने भडकतो, कोणी चारचौघांत नको ते बोलतो. कोणी याच्या उलट दिवसभर बसून राहतो, सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाही, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. कित्येकांना आपण बदललो आहोत हेच जाणवत नाही, कारण ती जाणीव देणारे जाळेही दुखावलेले असते. म्हणून ‘मुद्दाम करतो’ हा आरोप बहुधा चुकीचा असतो. याला जोडून नैराश्य, चिंता, झोपेची मोडतोड आणि आकडी येतात. त्यांवर उपचार आहेत, पण ‘जीव वाचला हेच खूप’ म्हणून ते मागितलेच जात नाहीत.

गेजची कथा स्वभाव पालटला आणि नोकरी गेली इथेच संपवण्याची पाठ्यपुस्तकांची सवय आहे. पण तेवढी कथा अपुरी आहे. काही काळ त्याने पहारीसह स्वतःला लोकांपुढे दाखवून पैसे मिळवले, न्यू यॉर्कमध्ये बार्नम या प्रदर्शनकर्त्याच्या संग्रहालयातही. त्यानंतर न्यू हॅम्पशरमधील हॅनोव्हर येथे घोड्यांच्या तबेल्यात नोकरी केली. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि व्हालपरायसो–सँटिआगो मार्गावर प्रवासी घोडागाडी हाकू लागला. या कामात तो कित्येक वर्षे टिकला. सहा घोड्यांची, भरलेली गाडी, अनोळखी भाषेचा मुलूख, वाटेत उतारूंची ये-जा : ज्याला आवर आणि नियोजन दोन्ही उरले नाही अशा माणसाचे हे काम नव्हे. चिलीत राहिलेल्या एका डॉक्टरनेही त्याची मानसिक शक्ती ठीक असल्याचे सांगितले होते. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी या पुराव्यांवरून मांडले की ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता आणि रोजचे तेच काम यांनी गेजला पुष्कळ सावरले असावे. हे मत पटण्याजोगे आहे. आजचे पुनर्वसनही याच दिशेने चालते : बांधलेली दिनचर्या, एका वेळी एकच काम, गोंगाट आणि थकवा कमी, दारू बंद, वाद घालण्याऐवजी विषयांतर.

१८५९ मध्ये तब्येत ढासळल्याने तो सॅन फ्रान्सिस्कोला आई आणि बहिणीकडे आला. भाच्यांना तो आपल्या पराक्रमाच्या अचाट गोष्टी रचून सांगे. मुले, घोडे आणि कुत्री यांचा त्याला लळा होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याला आकड्या येऊ लागल्या आणि मे महिन्यात तो वारला. मेंदूच्या जुन्या व्रणातून अशी आकडी कित्येक वर्षांनंतरही सुरू होऊ शकते, हे रुग्णाच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे.

हार्लो यांना मृत्यूची वार्ता उशिरा, १८६६ मध्ये कळली. त्यांच्या विनंतीवरून कुटुंबाने कवटी उकरून दिली. कवटी आणि पहार दोन्ही आता हार्व्हर्ड विद्यापीठाच्या वॉरन शरीररचना संग्रहालयात आहेत. पहारीवर कोरलेल्या मजकुरात गेजच्या नावाचे स्पेलिंग वेगळे असून अपघाताची तारीखही एका दिवसाने चुकली आहे. १९९४ मध्ये हॅना डमासिओ आणि सहकाऱ्यांनी कवटीवरून इजेचा मार्ग संगणकावर रेखाटला आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या दोन्ही बाजू दुखावल्याचे अनुमान काढले. २००४ आणि २०१२ च्या अभ्यासांनी ते खोडून इजा डाव्या बाजूपुरती असल्याचे म्हटले. २०१२ च्या अंदाजाप्रमाणे मेंदूच्या वल्काचा (बाहेरच्या थराचा) सुमारे ४ टक्के, पण भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंचा सुमारे ११ टक्के अंश बाधित झाला असावा. जखमेच्या जागेपेक्षा वागण्यातला बदल व्यापक का, याचे उत्तर बहुधा या तुटलेल्या जोडण्यांत आहे.

गेज दारुडा झाला, हिंसक झाला, भटकत भिकेला लागला, अशी विधाने अनेक पुस्तकांत आढळतात. हार्लो यांच्या लेखनात त्यांना आधार नाही. गेजला प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी त्याच्या मनाविषयी लिहिलेला विश्वसनीय मजकूर काही शे शब्दांपलीकडे जात नाही.