सह्याद्रीच्या संवर्धनाला हातभार लावणारा ‘सीईपीएफ’ निधी

जैवविविधतेच्या रक्षणासाठीचा मोठा निधी बहुधा सरकारी खात्यांकडे किंवा नावाजलेल्या संस्थांकडे जातो. जंगलालगतच्या गावात काम करणाऱ्या लहान संस्थेपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. ही उणीव दूर करण्यासाठी २००० मध्ये ‘क्रिटिकल इकोसिस्टीम पार्टनरशिप फंड’ अर्थात ‘सीईपीएफ’ स्थापन झाला. कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल, जागतिक बँक, जागतिक पर्यावरण सुविधा, युरोपीय संघ, जपान सरकार व फ्रान्सची विकाससंस्था यांनी त्याला अर्थबळ दिले आहे.

निकष व कार्यपद्धती

ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘हॉटस्पॉट’ ही संकल्पना या निधीचा पाया होय. जेथे किमान १,५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती आढळतात आणि मूळचे वनस्पती-आच्छादन किमान ७० टक्के नष्ट झाले आहे, असा प्रदेश हॉटस्पॉट ठरतो. जगातील अशा ३६ प्रदेशांत ‘पश्चिम घाट व श्रीलंका’ यांचा समावेश होतो.

प्रदेश निवडल्यावर प्रथम त्याचा आराखडा तयार होतो आणि अग्रक्रमाची स्थळे निश्चित होतात. मग ठरावीक मुदतीपुरते प्रस्ताव मागवले जातात. लहान अनुदानांची छाननी स्थानिक समन्वयक संस्था करते. जमीनखरेदीसाठी किंवा लोकांच्या सक्तीच्या स्थलांतरासाठी हा पैसा वापरता येत नाही. संवर्धन म्हणजे विस्थापन, ही धास्ती वनवासी समाजात खोलवर रुजलेली असल्याने ही अट महत्त्वाची ठरते.

पश्चिम घाटातील काम

पश्चिम घाटाचा आराखडा २००७ मध्ये सिद्ध झाला आणि २००८ ते २०१५ या काळात अनुदाने दिली गेली. समन्वयाची जबाबदारी बेंगळुरूच्या ‘एट्री’ या संशोधन संस्थेकडे होती. निवडलेल्या पाच पट्ट्यांत सह्याद्री-कोकण हा एक होता.

या निधीच्या साहाय्याने झालेले गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर व पाणवनस्पती अशा १,१०० हून अधिक जातींपैकी सुमारे १६ टक्के धोक्यात असल्याचे त्यातून दिसले.

पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’चे कामही उल्लेखनीय आहे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. पण लाकडासाठी हीच झाडे तोडली जात. ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रामुळे बेहड्याच्या फळांना चांगला भाव मिळू लागला आणि झाड उभे ठेवण्यात गावकऱ्यांचे हित निर्माण झाले.

मर्यादा

असे अनुदान मुदतीचे असते. शिवाय परकीय निधी स्वीकारण्यासाठी संस्थेला केंद्राकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असते. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. त्यामुळे म्हादईच्या खोऱ्यातील किंवा खानापूरच्या भीमगड परिसरातील एखाद्या नोंदणी नसलेल्या ग्रामगटाला अशा मदतीचा थेट लाभ मिळणे अवघड आहे.

अनुदान संपल्यावर मागे उरतात ती शास्त्रीय माहिती आणि गावाच्या हाती आलेले उत्पन्नाचे साधन. बेहड्याचे झाड उभे राहते ते फळाला गिऱ्हाईक असेपर्यंत. म्हणून अनुदान चालू असतानाच बाजारपेठेची घडी बसवणे हा या कामाचा कळीचा भाग ठरतो.